गाडी वर, गोळा तिथेच

गॅरेज पुण्याच्या नाना पेठेतलं असो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचं असो की नाशिकच्या अंबडमधलं. थार उभी करून ‘सस्पेन्शन उचलायचंय’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: “दादा, दोन इंच करायची की तीन?” गाडीत माणसं किती बसतात, पुढे विंच लावलाय का, गाडी रोज ऑफिसला जाते की कधीमधी डोंगरात, हे कुणी विचारत नाही. गिऱ्हाईकही आपणहून सांगत नाही. सोसायटीतल्या दुसऱ्या थारला दोन इंच लावलेले असतात, मग आपले तीन, एवढं त्याचं ठरलेलं असतं.

इंचांवरून सुरू झालेली खरेदी बहुधा चुकतेच. का, ते समजायला गाडीखाली वाकावं लागतं.

गाडीतलं लोखंड दोन गटांत वाटून पाहा. एक गट स्प्रिंगच्या खालचा: चाकं, ब्रेक, अ‍ॅक्सल. दुसरा स्प्रिंगवर बसलेला: चासी, बॉडी, इंजिन आणि आत बसलेले आपण. लिफ्ट किट दुसऱ्या गटाला पहिल्यापासून दूर नेतो. पहिला गट होता तिथेच राहतो. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. तो पहिल्या गटातला. तुम्ही दोन इंच लावा नाहीतर चार, जमीन आणि गोळा यांच्यातलं अंतर केसभरही वाढत नाही.

आपल्याकडच्या वाटांवर हे फार लवकर कळतं. कोकणात किंवा गोव्यात जांभ्याच्या लाल वाटेवर ट्रॅक्टर आणि डंपर पावसाळाभर फिरतात, चाकोऱ्या खोल होत जातात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. आपली चाकं त्या चाकोरीत उतरली की मधल्या उंचवट्याला आधी घासतो तो गोळा. गाडी बाहेरून कितीही रुबाबदार दिसो, तिथे ती मूळ गाडीइतकीच खुजी असते. ही उंची वाढवतो फक्त टायर, आणि तोही निम्म्याने.

हिशेब जिम्नीचा करू. कंपनीतून येणारा टायर १९५/८० आर १५. त्याचा व्यास साधारण ६९३ मिमी भरतो. त्याच्या जागी २३५/७५ आर १५ बसवला तर व्यास ७३३ मिमीच्या आसपास जातो. व्यासात चाळीस मिमी वाढले, पण अ‍ॅक्सल चाकाच्या मधोमध असतो, म्हणून गोळा उचलला गेला वीस मिमी. पाऊण इंच. आणि हा पाऊण इंच फुकट मिळत नाही. चाक मोठं झाल्यामुळे स्पीडोमीटर साधारण सहा टक्के कमी दाखवू लागतो. काटा ८० वर असतो तेव्हा गाडी ८५ च्या जवळ पळत असते. गिअर त्याच प्रमाणात लांबतात, म्हणजे जी गाडी मुळात मोजक्या ताकदीची आहे तिला चढावर एक गिअर खाली यावं लागतं. शिवाय चाक वळवलं किंवा खड्ड्यात दाबलं गेलं की टायर मडगार्डच्या आत घासायला लागतो.

लिफ्टचं खरं काम इथे सुरू होतं. ते मोठ्या टायरला जागा करून देतं, आणि गाडीचं पोट व दोन्ही टोकं वर घेतं. चढाला भिडताना पुढचा बंपर टेकू नये, उतरताना मागचा टेकू नये आणि बांधावरून जाताना पोट अडकू नये, हे तीन कोन कंपन्या माहितीपत्रकात छापतात. २०२० च्या तीन दारी थारचा पुढचा कोन ४१ अंशांच्या वर आहे आणि पोटाचा २७ अंश. पुढच्या कोनाची बहुतेकांना गरजच पडत नाही. अडचण पोटाची असते, आणि पोटाचा कोन उंचीइतकाच व्हीलबेसवर ठरतो. तीन दारी थारचा व्हीलबेस २४५० मिमी आहे, पाच दारी रॉक्सचा २८५०. व्हीलबेस चारशे मिमीने लांब असलेल्या गाडीला बांध ओलांडायला त्या प्रमाणात जास्त उंची हवी. म्हणून रॉक्सवाल्याने लिफ्टचा विचार करणं समजू शकतं. तीन दारीवाल्याने आधी आपली गाडी नेमकी कुठे घासते ते चासीखाली पडलेले ओरखडे पाहून ठरवावं. ओरखडे नसतील तर चहा पिऊन घरी जावं.

कुठला किट घ्यायचा हे गाडीची जात ठरवते. महाराष्ट्रात फिरणाऱ्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांच्या ढोबळ तीन जाती आहेत.

पहिली जात पाट्यांवरची. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत मुंबईच्या माझगावात महिंद्राने विलीज जीप जोडायला घेतली. तिथून निघालेली वंशावळ सीजे थ्री-बी, एमएम ५४०, मेजर अशी येते, आणि १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी त्याच पंगतीत बसते. पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही बाजूंना कमानपाटे. या गाड्यांचं उचलणं हा आपल्याकडचा सगळ्यात जुना धंदा आहे आणि त्याला किट नावाची गोष्ट लागतच नव्हती. हायवेवर ट्रकचे पाटे दुरुस्त करणाऱ्याकडे जायचं, पाटे उतरवायचे, त्यांची कमान वाढवून घ्यायची, नाहीतर थप्पीत एक जादा पाटा घालायचा. हातोड्याने थंड पाट्याची कमान वाढवली तर काही महिन्यांत तो परत बसतो. भट्टीत तापवून वाकवला आणि पुन्हा नीट पाणी दिलं नाही, तर पोलादाची लवचीकता जाते आणि तो एखाद्या ओढ्यात तडकतो. तरीही चांगल्या कारागिराने केलेलं हे काम वर्षानुवर्षं टिकल्याची उदाहरणं आहेत. मला स्वतःला या धंद्याबद्दल जिव्हाळा आहे, पण तो कारागीर कोण हे माहीत नसेल तर नवे पाटे घेतलेले बरे.

दुसरा जुना उपाय शॅकल लांब करण्याचा. पाट्याचं एक टोक ज्या लोंबत्या पट्टीला अडकवलेलं असतं ती पट्टी दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. पुढच्या पाट्यांना हे केलं की अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि स्टेअरिंगची बैठक बिघडते. अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणं हा तिसरा. तो मागे एक वेळ चालेल, पुढे कधीच नाही. ब्रेक लावताना पुढच्या अ‍ॅक्सलवर जो पीळ येतो त्यात ठोकळा निसटला तर स्टेअरिंग हातात राहतं आणि चाक दुसरीकडे जातं.

चौथा उपाय शौकिनांचा लाडका. मूळ जीपमध्ये पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ते अ‍ॅक्सलच्या वर आणायचे. अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या थप्पीची जाडी, इतकी उंची एका फटक्यात मिळते. ती चार ते सहा इंच भरते, आणि जुने पाटेच वापरता येत असल्यामुळे खर्च मुख्यतः वेल्डिंगचा. पण आता अ‍ॅक्सल पाट्यांना खालून धरलेला असतो. क्लच सोडून जोर दिला की तो स्वतःभोवती फिरू पाहतो, पाट्याला इंग्रजी एससारखा बाक येतो आणि चाक जमिनीवर थडथड उडतं. त्याला आवर घालायला वेगळा दांडा लागतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, स्टेअरिंगची ओढदांडी तिरकी होते. एकेक प्रश्न सोडवत गेलं की लक्षात येतं, आपण सस्पेन्शन नव्हे, अर्धी गाडी नव्याने बांधतोय. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा होते. तिथे धावणाऱ्या गाड्या पाहून अनेकांना हा मोह होतो. त्या गाड्या ट्रेलरवर चढून स्पर्धेला येतात हे मात्र फोटोत दिसत नाही.

दुसरी जात जिम्नीची: पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. लिफ्टसाठी ही सगळ्यात सोयीची मांडणी. लांब स्प्रिंग आणि त्याच मापाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले की उंची मिळते आणि चाकाची हालचालही वाढते. गुरखाची मागची बाजू अशीच आहे, पुढची चाकं मात्र आता स्वतंत्र आहेत; तिच्या २०२४ च्या आवृत्तीला कंपनीनेच २३३ मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स दिला आहे आणि दोन्ही अ‍ॅक्सलना डिफरन्शियल लॉक आहेत. तिला आणखी उचलायची घाई कशाला, असं मी प्रत्येक गुरखावाल्याला विचारत आलो आहे. समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.

जिम्नीत मात्र दोन गोष्टींची पुढची तयारी हवी. पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं तो सायकलच्या पुढच्या फोर्कसारखा किंचित मागे कललेला असतो. या कलण्यामुळेच, म्हणजे कॅस्टरमुळे, वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. गाडी उचलली की अ‍ॅक्सलला धरणाऱ्या हातांची चासीकडची टोकं वर जातात, अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि हे मोजकेच असलेले अंश आणखी कमी होतात. मग एक्स्प्रेस-वेवर गाडी तरंगल्यासारखी वागते, आणि कधीकधी खड्ड्यातून गेल्यावर पुढची दोन्ही चाकं थरथरू लागतात ती ब्रेक लावून वेग कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. पहिल्यांदा हा अनुभव घेणाऱ्याचा चेहरा पांढरा पडतो. उपाय आहे: अंश परत आणणारे तिरक्या भोकाचे बुश किंवा बदललेले हात. दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा हा दांडा एका टोकाला चासीला, दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सलला बांधलेला असतो. चासी वर गेली की दांडा अधिक तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला काही मिलिमीटर बाजूला ओढतो. लांबी कमीजास्त करता येणारा रॉड बसवला की काम भागतं. ज्या किटमध्ये या दोन वस्तू नाहीत, निदान विक्रेत्याला त्यांची नावंही ठाऊक नाहीत, तो अर्धाच आहे असं समजावं.

तिसरी जात म्हणजे आजची थार, आणि घोटाळा मुख्यतः तिथे. नाशिकला बनणाऱ्या या गाडीला मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, पण पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत: वर-खाली दोन विशबोन, मध्ये कॉइल आणि शॉक. इथे गोळा चासीलाच बांधलेला असतो, त्यामुळे लिफ्टबरोबर पुढचा गोळा वर जातो, हे खरं. पण त्यातून चाकांकडे जाणारे दोन अर्धे शाफ्ट आता खाली तिरके होतात. त्यांच्या टोकांवरचे सीव्ही जॉइंट ठरावीक कोनापर्यंतच सुखाने फिरतात. पुढे त्यांचं रबरी बूट घासून फाटतं, ग्रीस उडतं, चिखल आत जातो आणि मग वळताना टकटक ऐकू येऊ लागते.

इथे सगळ्यात जास्त विकली जाणारी वस्तू म्हणजे स्पेसर. शॉकच्या वरच्या टोकाला बसवायची अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची चकती, काही हजारांत मिळते आणि अर्ध्या दिवसात बसते. गंमत अशी की शॉक विशबोनच्या मधे कुठेतरी टेकलेला असतो, चाक त्याच्या बाहेर असतं. त्यामुळे एक इंचाची चकती गाडीला एका इंचापेक्षा बरीच जास्त उचलते, काही गाड्यांत जवळपास दीडपट ते दुप्पट. दोन इंच हवेत म्हणून दोन इंचाची चकती मागणारा आणि देणारा दोघेही असतात. शिवाय चकतीने शॉकची लांबी वाढत नाही. तो पूर्ण उघडायचा बिंदू तेवढा खाली सरकतो. मूळ गाडीत चाक लोंबताना शॉकच लगाम घालत होता. आता तो लगाम उशिरा लागतो, तोवर वरचा बॉल जॉइंट आणि सीव्ही आपल्या हद्दीच्या बाहेर गेलेले असतात. दाबलं जाताना उलट त्रास. चाकाच्या थांब्यावर रबर टेकण्याआधीच शॉक आतून आपटू शकतो.

जुन्या, २०१० च्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार होता. तिथे बोल्ट कसला की गाडी फुकटात वर यायची, आणि अनेकांनी ती तशी आणली. जेवढी वर आली तेवढी चाकाची खाली जायची मुभा संपली. खड्ड्यावर चाक लोंबायच्या ऐवजी हवेत लटकायला लागलं. उंच दिसणारी, पण एक चाक फिरत अडकून बसलेली थार पाहिली की बऱ्याचदा हेच कारण निघतं.

नव्या थारला उचलायचंच असेल तर पुढे ५० मिमीच्या आत राहावं, पूर्ण शॉक आणि स्प्रिंग बदलावेत आणि बदललेल्या कोनाला साजेसे वरचे विशबोन घेण्याची तयारी ठेवावी. असा नामांकित कंपनीचा किट मजुरीसकट लाखाच्या घरात जातो. ऐकून माणूस परत चकतीकडे वळतो.

आता वजनाची गोष्ट. माझ्या मते निवडीची सगळी किल्ली इथे आहे, आणि ती इंचांच्या गोंधळात कुणाच्या हाती लागत नाही.

समजा गाडीच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवर बसलेलं वजन ४०० किलो आहे. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला ३० न्यूटन लागत असतील, तर या वजनाखाली ती साधारण १३० मिमी दबते. तेवढ्याच लांबीची, पण ४० न्यूटनची कडक स्प्रिंग बसवली तर ती ९८ मिमीच दबेल. गाडी ३२ मिमी वर उभी राहील आणि मिस्त्री म्हणेल, “बघा साहेब, सव्वा इंच आला.” आला खरा, पण तो लांबीतून नव्हे, कडकपणातून आला. चाक खाली लोंबायला स्प्रिंगमध्ये जे १३० मिमी होते ते ९८ झाले. गाडी उंच झाली आणि त्याच वेळी तिचं चाक जमिनीला धरून ठेवायचं सामर्थ्य कमी झालं. रिकाम्या गाडीत मागे बसलेली मंडळी चाकणच्या गतिरोधकांवर टोपीसकट छताला भिडतात ते याच स्प्रिंगांमुळे.

ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्याच्या ओसाड मुलखात गाड्या घेऊन जाणाऱ्यांनी हा धंदा मोठा केला. तिथल्या एआरबी या १९७५ साली सुरू झालेल्या कंपनीचा ओल्ड मॅन एमू हा सस्पेन्शनचा ब्रँड आपल्याकडेही लोकांना ठाऊक आहे. अशा कंपन्यांचं कॅटलॉग उघडलं की इंचांच्या आधी किलो विचारलेले दिसतात. पुढे मूळ बंपर आहे की लोखंडी? विंच आहे? मागे कायम किती सामान? त्यावरून हलकी, मध्यम किंवा जड स्प्रिंग ठरते. लोखंडी बंपर आणि विंच मिळून पुढे सत्तर ते शंभर किलो सहज वाढतात, आणि हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकत असल्यामुळे तरफेसारखं काम करून मागची बाजू हलकी करतं. अशा गाडीला जड स्प्रिंग हवी. पण ज्याने पुढे काहीच लावलेलं नाही, त्याने ‘पुढे लागेलच’ म्हणून आजच जड स्प्रिंग घेतली तर गाडी नाक वर करून उभी राहते. ते नाक खाली आणायला मग बंपर विकत घेतला जातो. असे लोखंडी बंपर सार्वजनिक रस्त्यावर चालत नाहीत हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवलं होतं, तो भाग निराळा.

म्हणून किट मागण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. ऊस किंवा वाळू तोलणारा कुठलाही काटा चालतो. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी, टाकी भरून, नेहमीची माणसं आणि सामान बसवून. काट्याच्या पावतीचे पैसे खर्च म्हणावेत असे नसतात. ती घेऊन गॅरेजात गेलात तर संभाषण एकदम वेगळ्या वाटेने जातं, आणि मालक पावती बघून हसला तर दुसरं गॅरेज शोधावं हेही तिथेच कळतं.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं थोडक्यात. स्प्रिंग गाडी उचलते, शॉक तिला नाचू देत नाही. नव्या कडक स्प्रिंगला मूळ शॉक आवरू शकत नाहीत. ते तापतात, तेलाला फेस येतो आणि वरंधासारख्या घाटात उतरताना गाडी होडीगत डुलते. गॅस भरलेले शॉक तापले तरी तुलनेने कमी ढिले पडतात. लांबी स्प्रिंगच्या मापाची हवी. आखूड शॉक पूर्ण उघडून ‘टक’ असा आवाज देत असेल तर तो रोज थोडा थोडा तुटतोय.

उरलेल्या गोष्टी मिस्त्रीने स्वतःहून कराव्यात अशी अपेक्षा असते, बहुधा करून घ्याव्या लागतात सांगून. ब्रेकची रबरी नळी चाक पूर्ण लोंबल्यावर ताणली जाते का, हे गाडी जॅकवर घेऊन पाहायचं. ताणली जात असेल तर लांब नळी. अनेक पाट्यांच्या गाड्यांत मागे एक व्हॉल्व्ह असतो, तो गाडीची मागची उंची पाहून वजनाचा अंदाज घेतो आणि मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक तो कमी करून टाकतो. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसायचे, जॅकवर लटकती असताना नव्हे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून सहा महिन्यांत फाटतं. यू-बोल्ट नवे, आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा कसलेले. शेवटी व्हील अलाइनमेंट, तीही जिथे कॅस्टरसुद्धा मोजतात अशा ठिकाणी.

चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी वर घेण्याचाही एक प्रकार आहे. स्वस्त आहे, टायरला जागा होते, पण पोट तिथेच. मला तो कधीच पटला नाही.

उंचीची जी किंमत दिसत नाही ती वळणावर कळते. गाडी उलटण्याची शक्यता मोजायला एक साधं गुणोत्तर वापरतात: दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था २००१ पासून गाड्यांच्या तारांकनात हे वापरते आहे. रुंदी १५२० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर धरला तर गुणोत्तर १.०९ च्या आसपास येतं. गुरुत्वमध्य ५० मिमी वर गेला की ते १.०१. आकडा लहानसा वाटतो, पण रस्त्यावरच्या बऱ्याच साध्या मोटारींचं गुणोत्तर १.३ ते १.५ मध्ये असतं हे डोळ्यासमोर ठेवलं तर आपण आधीच काठावर उभे होतो आणि आणखी पुढे सरकलो हे कळतं. छतावर कॅरिअर, त्यात जेरीकॅन आणि तंबू लादून आंबोली घाट उतरणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करावा.

कायद्याचं सरळ सांगायचं तर जागा अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतले तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसी बुकात सस्पेन्शनची उंची लिहिलेली नसते, मग पकडणार कसं, असा युक्तिवाद गॅरेजात हमखास ऐकू येतो. रस्त्यावरचा हवालदार सोडूनही देईल. अपघातानंतर येणारा विम्याचा सर्व्हेयर मात्र मूळ स्प्रिंगचा रंग ओळखतो. बदल करण्याआधी आरटीओत विचारणं आणि केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवणं, हे दोन्ही कंटाळवाणे उद्योग टाळल्याची किंमत त्या दिवशी कळते. वॉरंटीचंही तसंच.

हे सगळं ऐकून गिऱ्हाईक विचारतं, मग काहीच करू नये का? करावं की. लिफ्टच्या आधी करण्यासारखं बरंच आहे आणि ते स्वस्त आहे. काळ्या रेगुरात गाडी रुतते ती उंची कमी म्हणून नव्हे. टायरच्या नक्षीत माती भरून तो गुळगुळीत होतो म्हणून. तिथे चिखलाचा टायर कामाला येतो. वाळूत हवा निम्म्यावर आणली तर तीच गाडी निघते, पुढे हवा भरायला एक छोटा कॉम्प्रेसर हवा. खडकाळ जागी संथ चालवताना काही गाड्यांत अँटी-रोल बारच्या कड्या सोडता येतात, मग अ‍ॅक्सल मोकळेपणाने वाकतो आणि चौथं चाक जमिनीवर येतं. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी त्या परत जोडायच्या, हे विसरता कामा नये. पुढे-मागे ओढायला मजबूत हूक आणि एक चांगला पट्टा. आणि एखादा दिवस शिकवणीचा. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या रस्त्यावर त्यासाठी मुद्दाम केलेला ट्रॅक आहे. तिथे कंपनीतून आली तशी, एकही नट न बदललेली गाडी कुठवर जाते हे पाहिलं की निम्म्या लोकांची लिफ्टची हौस तिथेच फिटते. उरलेल्या निम्म्यांना आपली गाडी नेमकी कुठे अडली हे समजलेलं असतं, आणि त्यांनी किट घेतला तर तो बहुतेक वेळा योग्य निघतो. जंगलखात्याच्या हद्दीत, सड्यावर किंवा समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालून हे शिकू नये. किनाऱ्यावर भरतीत अडकलेल्या गाड्या आणि नंतरचे गुन्हे यांच्या बातम्या दर सुट्टीत येतातच.

चाकाची हालचाल किती आहे हे मोजायची एक पद्धत घरीही जमते. वीस अंशांच्या उतरंडीवर एक पुढचं चाक चढवत न्यायचं, दुसरं कुठलंही चाक जमिनीवरून सुटेपर्यंत. चढलेलं अंतर भागिले व्हीलबेस, गुणिले हजार. किट बसवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. आकडा कमी झाला असेल तर तुम्ही पैसे देऊन गाडी बिघडवून घेतलीत. उतरंड नसेल तर एका चाकाखाली रचलेल्या फळ्यांवरही ढोबळ अंदाज येतो, माणूस मात्र सोबत हवा.

सगळं झाल्यावर, रात्री, एक काम राहतं. गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट लावायचे. दोन इंच उचललेल्या गाडीचा झोत तेवढा वर जातो, आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त उचलली असेल तर तो आभाळाकडे जातो. घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत. दिव्याच्या मागचा स्क्रू पाना किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवून झोत खाली आणायला पाच मिनिटं लागतात आणि पैसा एकही लागत नाही. कुठल्याही किटच्या बिलात ही ओळ नसते, म्हणून मिस्त्रीला स्वतः सांगावी लागते.